एक वीत डावीकडे

७ ऑक्टोबर, शनिवार

मिळाली! बाबांची रायफल मला मिळाली! सौनाच्या वाफेच्या खोलीतून बाहेर आले, कमरेला टॉवेल, अंगातून वाफा निघतायत, आणि कॉफीचा कप तोंडाला लावता लावता म्हणाले, "सेन्या, आजपासून ती तुझी. यंदा पहिली गोळी मात्र माझी. त्यानंतर मी घरी बसून तुला नावं ठेवणार."

मी एकोणपन्नास वर्षांची बाई. रस्त्यावरचा बर्फ हटवायचा धूड ट्रक चालवते. आणि आज स्वयंपाकघरात गिरक्या घेत होते! बाबा म्हणाले, "पुरे, कपबश्या फुटतील." पण हसत होते.

म्हणजे यंदाचा हंगाम बाबांचा शेवटचा. एक्याऐंशी झाली त्यांना. त्यांच्या मनात काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या रायफलीनं मारलेलं हरीण पुन्हा एकदा गावच्या चौकातल्या आडव्या बल्लीला टांगलेलं बघायचंय. तोंडानं कबूल करायचे नाहीत, पण दर पंधरा नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्या दिवशी, चौकातून जाताना मला गाडी हळू करायला लावतात आणि खिडकीतून टांगलेली हरणं मोजतात.

त्यांचं शेवटचं हरीण टांगलं गेलं १९८१ साली. तोवर दरवर्षी एक, बिनचूक. मग १९८२ पासून डोळ्यांनी दगा दिला. जंगलातल्या आमच्या शिकारीच्या कॅम्पचा कायदा आहे, ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची शेपटी कात्रीनं कापायची आणि नाव-साल लिहून भिंतीवर ठोकायची. त्या भिंतीवर बाबांच्या एकोणतीस शेपट्या आहेत. उरलेल्या वर्षी हरीण दिसलंच नाही, नाहीतर भिंत पुरली नसती. आई म्हणायची, चाळिशी लागली, चष्मा घ्या. चष्मा घेतला, पण काही उपयोग झाला नाही.

यंदा मी ते हरीण टांगून दाखवणार. म्हणजे बाबाच टांगतील, पण मी असले की झालं.

९ ऑक्टोबर

आज खडीच्या खाणीत रायफल चालवून पाहिली. बाबांनी मी चौदा वर्षांची असताना शिकवलं तसंच, श्वास अर्धा सोडायचा, जिथे मारायचं त्या जागेच्या एक वीत डावीकडे धरायचं, चाप हळू ओढायचा. आम्हा हापाला घराण्याच्या डोळ्यांत जन्मतःच उजवीकडे ओढ आहे, असं बाबा सांगतात. मी तर दारात चावी घालतानाही जरा डावीकडे धरते.

पाच गोळ्या मारल्या, पाचही पाच दिशांना गेल्या. माझा चुलतभाऊ क्लाइड डोळ्याला दुर्बीण लावून उभा होता. म्हणाला, "ताई, ही रायफल आहे की बागेतली झारी?"

"हापालांचे डोळे," मी म्हटलं.

"डोळे कसले! नळीचं तोंड बघ. आर्मस केटोलाकडे ने."

आर्मस काका म्हणजे तालुक्यातले एकमेव बंदूक कारागीर. एके काळचे बाबांचे जिवलग मित्र. पण १९८२ च्या त्या पहिल्या चुकलेल्या नेमाला कात्री त्यांनीच चालवली आणि वर काहीतरी बोलले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, आणि आर्मस काकांचं कॅम्पवर येणंही बंद. मात्र दर ऑक्टोबरात कॅम्पची कात्री धार लावून क्लाइडच्या हाती न चुकता पाठवतात. याला म्हणतात खुन्नस!

घरी येऊन नुसतं नाव काढलं. बाबांनी काटा ताटात आपटला. "त्या माणसाचा हात माझ्या रायफलीला लागणार नाही."

"माझ्या," मी म्हटलं.

"तुझ्यासुद्धा."

१२ ऑक्टोबर

ठरलं. मीच करणार! नळीचं टोक दोन बोटं कापायचं आणि तोंड नव्यानं सरळ करायचं. एवी तेवी ती नळी लांबच आहे, टेहळणीच्या खोपटात खिडकीला अडकते. फोनवर एका दाढीवाल्यानं करून दाखवलंय. मध्येच तो शेंगदाणेही खात होता, म्हणजे काम सोपंच असणार. मी ट्रकच्या फाळाला स्वतः जोड देते, गिअरबॉक्स उघडते. एका नळीचं काय घेऊन बसलात!

शिवाय बाबांची मुलगी आहे मी. बाबांनी तीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापलं. ते आमच्या रक्तातच आहे.

बाबांना सांगितलेलं नाही. एकदम करून दाखवीन.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सरावासाठी नळीचा तुकडा हवा होता. सगळी शेड पालथी घातली आणि शेवटी खिशातच सापडला! सौनाच्या किल्लीला बाबांनी फार वर्षांपूर्वी एक जाड लोखंडी नळकांडं बांधलंय, किल्ली बर्फात हरवू नये म्हणून. चार बोटं लांब, काळंनिळं. एक टोक छान गोल आणि गुळगुळीत, दुसरं तिरकं, कुणीतरी घाईघाईत कापलेलं. वर टिकलीएवढा डाग, काहीतरी डकवलेलं असणार. आतून बघितलं तर गोल गोल वळत जाणाऱ्या रेघा. पूर्वी पाण्याचे पाईपसुद्धा काय नक्षीदार करायचे!

गुळगुळीत टोकाकडून एक चकती कापली. करवत नाचत होती. शेवटी जे झालं ते दुसऱ्या टोकाइतकंच तिरकं. ज्यानं कुणी ते कापलं होतं त्याची मला दयाच आली. बिचारा अगदी माझ्यासारखा.

मग किल्लीनं सौना उघडला, घाम काढला आणि सगळं विसरले.

१५ ऑक्टोबर

खरं सांगू? थोडी भीती वाटतेय. पाईप तिरका कापला तर पाईपच गेला. रायफल तिरकी कापली तर बाबांचं शेवटचं हरीण गेलं. दाढीवाल्याचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. या वेळी लक्षात आलं की कापताना कॅमेरा दुसरीकडे वळतो.

आर्मस काकांकडे नुसतं विचारायला जाऊ का? नको. बाबा मला घराबाहेर काढतील. पण घर माझ्याच नावावर आहे. पण तरी नको.

१७ ऑक्टोबर

पकडले गेले!

बाबा दवाखान्यात गेलेत असं समजून शेडमध्ये रायफल व्हाइसमध्ये आवळली. नळीभोवती फडकं, कापायच्या जागी खडूची रेघ. करवत ठेवली, देवाचं नाव घेतलं, आणि मागून अशी किंकाळी आली की मला वाटलं डुक्कर शिरलं. बाबा दारात! टोपी हातात, तोंड पांढरंफटक.

"ठेव ती करवत!"

"अहो बाबा, दोनच बोटं..."

"दोनच बोटं! सगळे असंच म्हणतात, दोनच बोटं!" करवत हिसकावली, तरातरा तळ्यापर्यंत गेले आणि लांब फेकून दिली. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाचा हात, पण काय फेक होती! गुडुप.

मग मला म्हणाले, "करवतीनं नळी कापली की ती कधी माफ करत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी खाणीत होतो," म्हणाले आणि घरात गेले. रात्रीचं जेवण होईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. कापून झाली असती तर रागावले असते, समजू शकते. पण अजून कापलीच नव्हती!

२० ऑक्टोबर, शुक्रवार

गेले शेवटी. बाबा दुपारी आडवे झाले, रायफल ट्रकच्या सीटमागे घातली आणि थेट आर्मस केटोलांचं दुकान.

काका ब्याऐंशीचे, भुवया पांढऱ्या जाड, नाकावर दोन चष्मे. मी दारातून आत गेले तर म्हणाले, "हेल्मीची पोर." आईचं नाव त्यांच्या तोंडून ऐकून मला एकदम रडूच आलं. वेलदोड्याचा पाव पुढे केला म्हणून वाचले.

रायफल दिव्याखाली धरून नळीच्या तोंडात पाहिलं. फार वेळ पाहिलं. भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. "याला लेथवर घ्यायला हवं. अर्धा दिवस. पण आधी एक सांग, हे कुणी केलंय?"

"काय केलंय? ती तशीच आली दुकानातून. बाबा म्हणतात."

"वाइनो असं म्हणतो?"

मी खिशातला रुमाल काढायला सगळं सामान टेबलावर ठेवलं, गाडीची चावी, सौनाची किल्ली, चिमटा. काकांनी सौनाची किल्ली उचलली. नळकांडं फिरवून बघितलं, आत फुंकर मारली. मग त्याचं ते जुनं तिरकं टोक रायफलच्या तोंडाला लावलं. बसलं चपखल. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. म्हातारपणी माणसाला खेळायला काहीही पुरतं. आणि मग हसायला लागले. हसता हसता दोन्ही चष्मे काढले, डोळे पुसले, पुन्हा हसले. मला वाटलं ॲम्ब्युलन्स बोलवावी लागणार.

"दुरुस्त करून देतो," शेवटी म्हणाले. "पण वाइनो स्वतः आला पाहिजे. आणि ही किल्ली माझ्याकडे राहील."

"सौनाची किल्ली? काका, उद्या शनिवार आहे!"

"म्हणूनच."

रायफल परत दिली. किल्ली दिली नाही. मी काउंटीची सर्वांत मोठी गाडी चालवते, आणि एका ब्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याकडून माझी किल्ली घेता आली नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

बाबा टॉवेल खांद्यावर टाकून सौनाच्या दाराशी उभे. "किल्ली?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण बाबांचे उघडे, थंडीनं लाल झालेले पाय बघून सगळं भडाभडा बोलून गेले. रागावतील वाटलं होतं. तर नाही. फक्त विचारलं, "त्यानं ते नळकांडं बघितलं?"

"बघितलं ना. खेळत बसले होते त्याच्याशी."

बाबा पायरीवर बसलेच. म्हटलं, कुलूप तोडते. तर म्हणाले, "तुझ्या पणजोबांचं कुलूप आहे ते, आणि करवत तळ्यात आहे."

या घरात पहिल्यांदाच सौनाशिवाय शनिवार गेला. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा पेटवला होता.

२८ ऑक्टोबर, शनिवार

दुसरा शनिवार. घरातल्या बादलीनं अंघोळ चालते, पण बाबांच्या मते ती अंघोळ नव्हे, ते नुसतं ओलं होणं. क्लाइडनं आपल्या सौनात बोलावलं. बाबा म्हणाले, "परक्याच्या सौनात मी चड्डी काढणार नाही." परका म्हणजे सख्ख्या भावाचा मुलगा!

घरात एक वास येऊ लागलाय. बाबांचा की हट्टाचा, सांगता येत नाही.

मला हे सगळं भयंकर मजेशीर वाटतंय आणि मी ते चेहऱ्यावर दिसू देत नाहीये. पण मनात धाकधूकही आहे. पंधरा नोव्हेंबरला फक्त अठरा दिवस उरलेत.

४ नोव्हेंबर, शनिवार

अरे देवा, अरे देवा, कुठून सुरू करू!

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. "गाडी काढ. किल्ली आणायचीय." रायफल स्वतः उचलली.

दुकानात दोघं समोरासमोर. एक्केचाळीस वर्षांनी. आर्मस काकांनी नाक आक्रसलं. "दोन आठवडे?"

"दोन आठवडे," बाबा म्हणाले. "किल्ली दे."

"आधी बोल."

"काय बोलू?"

काकांनी नळकांडं टेबलावर ठक्कन उभं केलं. "हे बोल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग छताकडे. आणि म्हणाले, "कापली. मीच कापली. ब्याऐंशी साली, रविवारी, शेडमध्ये."

मी म्हटलं, "काय कापली?" आणि मग टेबलावरच्या त्या नळकांड्याकडे बघितलं. रायफलीकडे बघितलं. आतल्या नक्षीदार रेघा आठवल्या. पाण्याचा पाईप म्हणे! माझ्यासारखी गाढव बाई तालुक्यात शोधून सापडणार नाही.

"मी तुला सांगितलं होतं, सोमवारी आण, छोटी करून देतो," काका म्हणाले.

"मला वाटलं, दिवसभर लोखंड कापणाऱ्या माणसाला दुसऱ्याकडे कशाला जायला हवं."

"आणि नेम धरायची खुंटी वाकडी डकवलीस."

"थोडी वाकडी."

"वाइनो, एक वीत वाकडी!"

एक वीत! मी खुर्चीत बसले. म्हणजे हापालांचे डोळे, जन्मजात ओढ, पस्तीस वर्षं दाराच्या कुलुपात डावीकडे चावी, सगळं त्या खुंटीपायी! मी ओरडले, "बाबा!" आणि बाबा म्हणाले, "ओरडू नकोस, माझं आत्ताच ओरडून झालंय, एक्केचाळीस वर्षं, आतल्या आत."

काका म्हणाले, "मला त्याच दिवशी सांगितलं असतंस तर दुपारपर्यंत सरळ करून दिली असती. इतकी वर्षं चुकत बसलास, पण माझ्याकडे आला नाहीस."

"तू सगळ्यांसमोर विचारलंस, नळी उंदरानं कुरतडली का म्हणून."

"थट्टा केली रे!"

"आणि शर्ट कापलास. हेल्मीनं शिवलेला. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा."

आर्मस काकांनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला माहीत नव्हतं. तिनं शिवलेला आहे हे मला माहीत नव्हतं, वाइनो."

"मी सांगितलं नाही," बाबा म्हणाले.

त्यानंतर मी बाहेर जाऊन ट्रकला टेकून मनसोक्त रडले आणि मनसोक्त हसले. परत आत आले तर लेथ चालू होती आणि बाबा दिवा धरून उभे होते, अगदी गुणी विद्यार्थ्यासारखे. काम झाल्यावर बाबांनी विचारलं, किती द्यायचे? काका म्हणाले, "पैसे नकोत. वरच्या फळीवर जागा दे."

आज संध्याकाळी आमच्या सौनातल्या वरच्या फळीवर दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले आणि तास-दीड तास आतून फक्त पाणी मारल्याचा चर्र आवाज येत होता. बाहेर आले ते गुलाबी होऊन.

१३ नोव्हेंबर

उद्या कॅम्पवर निघायचं. आर्मस काकाही येताहेत! क्लाइडला सांगितलं तर त्याच्या हातातली खिम्याची पेस्टी खाली पडली.

काकांनी नवी खुंटी बसवून, दुकानामागे स्वतः गोळ्या मारून बघितल्या. म्हणाले, जिथे बघाल तिथे लागते. बाबांना मी म्हटलं, आपणही खाणीत जाऊन एकदा चालवून बघू. तर म्हणाले, "आर्मसनं केलंय ना? मग झालं." मला वाटतं, त्यांच्या तोंडून आर्मस काकांना मिळालेली ही पहिली शाबासकी.

बाबांनी सामान बांधताना पुन्हा उजळणी घेतली, "श्वास अर्धा सोड, एक वीत डावीकडे, चाप हळू." हो हो, मला काय सांगता! झोपेत उठवलं तरी येईल.

१५ नोव्हेंबर, हंगामाचा पहिला दिवस

पहाटेपासून खोपटात. बाबा, मी, थर्मास. सूर्य वर आला आणि झाडीतून आला, आठ टोकांच्या शिंगांचा नर, साठ पावलांवर, असा ऐटीत! बाबांनी रायफल उचलली. श्वास अर्धा सोडला. ठो!

हरणाच्या डावीकडच्या बर्चची साल उडाली. बरोबर एक वीत.

हरणानं झाडाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि चालू लागलं. पळालंसुद्धा नाही! बाबांनी रायफल माझ्या हातात कोंबली, "मार, मार, मार!" मी मारली. शेजारच्या बर्चची साल उडाली. बरोबर एक वीत.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला समजलं ते बाबांनाही त्याच क्षणी समजलं, कारण दोघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही. मग जे हसू फुटलं! खोपटाच्या फळ्या हलल्या. बाबा पोट धरून खाली बसले, म्हणाले, "रायफल सुधारली, आता आपण राहिलो!"

संध्याकाळी कॅम्पवर सगळ्यांच्या देखत कायदा. कात्री आर्मस काकांच्या हातात, त्यांनीच धार लावलेली. आधी माझी शेपटी, चर्रकन. मग बाबा पाठमोरे उभे राहिले. काकांनी शर्टाचं टोक धरलं आणि थांबले. विचारलं, "वाइनो, हा कुणी शिवलाय?"

"दुकानातला आहे," बाबा म्हणाले. "काप."

१८ नोव्हेंबर, शनिवार

काल संध्याकाळी बाबांनी हरीण मारलं! खोपटात मागे आर्मस काका बसले होते. मीही होते, पण मला तोंड उघडायची बंदी. बाबांनी रायफल उचलली आणि नळी हळूच डावीकडे सरकली. काका पुटपुटले, "सरळ धर रे, गाढवा." नळी परत आली. ठो. आणि ते जागीच पडलं. शिंगं म्हणजे दोन बोटंच, वर्षभराचं पोरगं, कुत्र्याहून जरा मोठं. बाबांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

आज चौकातल्या बल्लीवर अकरा हरणं आहेत. सगळ्यांत लहान आमचं. बाबा सकाळपासून त्याच्याखाली उभे, मुलीच्या लग्नात दारात उभं राहावं तसे, येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी विचारताहेत. क्लाइड म्हणाला, "काका, हे हरीण आहे की ससा?" बाबा म्हणाले, "जे काय आहे, ते सरळ मारलंय." मी गाडीत बसून रडले, आणि काचा वर केल्या म्हणजे कुणी बघणार नाही. तर सगळ्यांनी बघितलं.

दुपारी बाबा मला कॅम्पवर घेऊन गेले. भिंतीवरची १९८२ ची शेपटी त्यांनी खिळा उपटून काढली. निळ्या चौकड्यांचा कपडा, कडेला आईचा बारीक टाका. तिच्या जागी ते नळकांडं ठोकलं, खाली खडूनं लिहिलं, 'हापाला. डोळे ठीक होते.'

आता संध्याकाळचे पाच वाजलेत. दोघे म्हातारे वरच्या फळीवर आहेत, मी माझा नंबर लागायची वाट बघतेय, आणि टेबलावर सौनाची किल्ली पडलीय. तिला आता आईची ती शेपटी बांधलीय.